एक घर, एक नंबर

नळाने आधी एक उचकी दिली, मग घशातल्या घशात काहीतरी पुटपुटला आणि गप्प झाला. वहिनी तेव्हा डोक्याला साबण चोपडून, डोळे घट्ट मिटून उभ्या होत्या. चाचपडत त्यांनी नळ डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, वरून एक चापटही मारून पाहिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी डोक्याला टॉवेल गुंडाळून त्या तशाच जिन्यात आल्या.

समोरच्या दारात कंडक्टरबाई उभ्या होत्या, कोपरापर्यंत साबणाचा फेस. वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकून विचारत होतं, खालच्या मजल्यावरून कोणीतरी मान वर करून विचारत होतं. सगळ्या जिन्यात बायकाच बायका, आणि प्रत्येकीचं काही ना काही अर्धवट राहिलेलं. खाली पहारेकऱ्याने शांतपणे सांगितलं की टाकी धुवायला काढली आहे, पाणी संध्याकाळी येईल, आणि तसं कालच ग्रुपवर टाकलं होतं.

तो ग्रुप म्हणजे इमारतीचा ग्रुप. पाणी, लिफ्ट, वर्गणी, पार्किंग, सगळं त्याच्यावर ठरायचं. त्यात प्रत्येक घरातला एक नंबर होता, आणि कसं कोण जाणे, प्रत्येक घराचा तो एक नंबर पुरुषाचाच निघाला होता. हे पुरुष सकाळी उठून कामाला जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. दिवसभर इमारतीत ज्या वावरायच्या, लिफ्टने चढायच्या-उतरायच्या, बादल्या भरायच्या, त्यांच्यापैकी एकीचाही नंबर ग्रुपवर नव्हता. कंडक्टरबाईंकडे तर स्वतःचा चांगला मोठा फोन होता. रोज बसमध्ये त्या तिकिटाचं यंत्र चालवायच्या, पण ग्रुपवर नंबर होता त्यांच्या नवऱ्याचा.

वहिनींकडे होता बटणांचा फोन. त्यावर फोन यायचा आणि लावता यायचा, बाकी त्याला काही येत नव्हतं. घरात नवा फोन आला की तो वहिनींच्या यजमानांकडे जायचा, त्यांचा जुना परगावी शिकणाऱ्या मुलाकडे, आणि मुलाचा त्याहून जुना दुकानात ठेवायला. फोन घरात असा वरून खाली झिरपत यायचा, पण वहिनींपर्यंत पोचायच्या आतच आटून जायचा.

वहिनी म्हणजे सगळ्या इमारतीच्याच वहिनी. घरात खिडकीशी त्यांचं शिलाईचं मशीन होतं. झिपा बदलायच्या, पँटी आखूड करायच्या, पडदे, उशांचे अभ्रे शिवायच्या. यजमानांचं चौकात चष्म्याचं दुकान, म्हणून त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. माणूस सरळ आणि हौशी. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना लहान बाळाला टोपी घालावी तसे हळुवार होत. घरी मात्र त्यांना सगळं उशिरा दिसायचं.

त्या संध्याकाळी वहिनींनी पाण्याचा विषय काढला तेव्हा ते जेवता जेवता म्हणाले, "अगं हो, आला होता मेसेज. मी अंगठासुद्धा दिला."

"अंगठ्याने केस धुता येत नाहीत," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी सरळच सांगितलं की मला तसला फोन घ्यायचा आहे आणि ग्रुपवर यायचं आहे. चष्मेवाल्यांना घास लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी एकेक अडचण सांगायला घेतली. तुला कशाला हवा, कोणाशी बोलायचं असेल तर माझ्या फोनवरून बोल. त्यात हल्ली फसवणारे फार, गोड बोलून नंबर काढून घेतात. डोळे बिघडतात, ते तर त्यांचं रोजचंच काम, त्यांना ठाऊक. आणि मुख्य म्हणजे ग्रुपचा नियमच आहे. वहिनींनी विचारलं नियम कोणाचा, तर म्हणाले अध्यक्षांचा.

दुसऱ्या दिवशी वहिनी अध्यक्षांच्या घरी गेल्या. अध्यक्ष कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. बोलायचेही ते परिपत्रकासारखं. वहिनींचं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, की एक घर, एक नंबर, असं सभेत ठरलेलं आहे. घरातल्या माणसाने ती माहिती घरात पोचवावी, ती ज्याच्या त्याच्या घराची अंतर्गत बाब आहे. नंबर वाढले की गडबड वाढते.

आतल्या खोलीतून अध्यक्षीणबाईंचा आवाज आला. "आमच्या घरात तर खुद्द अध्यक्ष आहेत. तरी काल भांडी खरकटीच राहिली."

अध्यक्षांनी ते ऐकू आलं नाही असं दाखवलं. वहिनी उठल्या. जिना उतरताना त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त हसू येत होतं, आणि या दोन्हींचं काय करायचं ते कळत नव्हतं.

पुढे काही दिवस तसेच गेले. मग एका सकाळी चष्मेवाले घाईघाईत खिशात फोन समजून चष्म्याची डबी घालून दुकानात गेले. फोन राहिला मशीनच्या टेबलावर, दोऱ्याच्या रिळांमध्ये.

वहिनी एका पडद्याची किनार घालत होत्या. फोन मध्येच टुंग करायचा. त्यांनी दुर्लक्ष केलं. नवऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही, असं कोणी सांगितलेलं नव्हतं, पण त्यांनी कधी लावलाही नव्हता. त्यांच्याच, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर एका घरात फरशी बदलायचं काम चालू होतं, फरशी कापायच्या यंत्राने कानाचे पडदे फाटत होते. त्या कल्लोळातही टुंग टुंग ऐकू येत राहिलं, तसं त्यांनी मान लांब करून पाहिलं. काचेवर अक्षरं उमटली होती. अध्यक्षांचा मेसेज होता:

"मी लिफ्टमध्ये अडकलो आहे. स्थळ : दुसरा व तिसरा मजला यांच्या दरम्यान. कृपया नोंद घ्यावी."

त्याखाली एकाचा अंगठा आला. दुसऱ्याने जोडलेले हात पाठवले. तिसऱ्याने लिहिलं, "काळजी घ्या." चौथ्याने आपण मीटिंगमध्ये असल्याचं कळवलं. कोणीतरी पहारेकऱ्याला फोन करा म्हणून सुचवलं, त्यावर अध्यक्षांनी, पहारेकरी फोन उचलत नसल्याचे खेदाने नमूद केलं. मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. प्रत्येकाला वाटलं असावं की दुसरा कोणीतरी गेला असेल. आणि अध्यक्ष होते वहिनींच्या डोक्यावर, जेमतेम अर्धा जिना वर.

फोन उघडायची खूण वहिनींना माहीत होती. चष्मेवाले काचेवर बोट असं ऐसपैस फिरवायचे की शेजारच्या इमारतीतल्यांनाही पाठ झाली असती. वहिनींनी तसंच बोट फिरवलं. फोन उघडला. त्यांना वाटलं, जणू दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं. खाली लिहायची जागा होती. एकेक अक्षर शोधत, बोट सुईसारखं टोचत त्यांनी लिहिलं: "मी बघते." आणि बाण दाबला.

मग त्या फोन हातात घेऊन धावत जिन्यात गेल्या. वाटेत त्यांनी फरशीवाल्याला हातानेच थांब म्हटलं. यंत्र थांबलं आणि एकदम शांतता झाली. त्या शांततेत किल्ल्या आपटल्याचा आवाज येत होता. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, आणि जिना तिच्याभोवती वळत गेलेला. त्या वळणावरच्या पायरीवर पोचल्या तर जाळीपलीकडे अध्यक्ष उभे. एका हातात फोन, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर घाम.

"कोणाला हाक तरी मारायची," वहिनी म्हणाल्या.

"मारली दोनदा," अध्यक्ष म्हणाले. "फार ओरडणं बरं दिसत नाही."

लिफ्टमधली धोक्याची घंटा वाजत का नाही, असं वहिनींनी विचारलं, तर ती बंद आहे म्हणाले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा नंबर हवा होता. तो कुठे असेल? अध्यक्ष म्हणाले, ग्रुपवरच आहे, मागे टाकला होता, पण माझा चष्मा घरी राहिला, समोरचे चार मेसेज कसेबसे वाचले, एवढं मागचं शोधणं जमेना. वहिनींनी बोटाने मेसेज मागे मागे सरकवायला सुरुवात केली. आठवडे सरकले, महिने सरकले. मधूनमधून फुलांची चित्रं आणि सुप्रभात. शेवटी तो नंबर दिसला. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं तर फोन आपोआप लागलाच, आणि त्या एवढ्या दचकल्या की तो हातातून सुटता सुटता राहिला.

मेकॅनिकने सगळं नीट विचारून घेतलं आणि बजावलं की दार उघडायचा, माणसाला ओढून काढायचा उद्योग करू नका. शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण लगेच निघतो. तोवर त्यांच्यापाशी कोणीतरी बसा.

कंडक्टरबाईंची पाळी दुपारची होती, त्या आल्या. अध्यक्षीणबाई दुखरा गुडघा सांभाळत एकेक पायरी करत आल्या. नवऱ्याला नखशिखांत न्याहाळून, सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहून परत गेल्या, आणि चहा घेऊन आल्या. कप जाळीतून जाईना. मग कंडक्टरबाईंनी घरून सरबत प्यायची नळी आणली, ती जाळीतून आत सारली आणि अध्यक्षीणबाईंनी बाहेरून कप धरला. अध्यक्षांनी आयुष्यात प्रथमच नळीने चहा प्यायला. तोंड भाजलं, पण तक्रार केली नाही.

तिघी पायऱ्यांवर बसल्या. इकडे फोनवर टुंग टुंग चाललंच होतं. चष्मेवाल्यांच्या नंबरावरून "मी बघते" आलेलं पाहून ग्रुप बुचकळ्यात पडला होता. एकाने विचारलं, "चष्मेवाले, बघते?" दुसऱ्याने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" वहिनींनी उत्तर लिहिलं, "मी मेकॅनिकला फोन केला. मी इथेच बसले आहे." त्यावर ग्रुप आणखीच गोंधळला. कंडक्टरबाई पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "आता बसलाच आहात तर वाचा तरी जरा. काय काय असतं या ग्रुपवर?"

अध्यक्षांनी नळी सोडली. "तो मजकूर सभासदांसाठी आहे."

"तुम्ही चहा प्या," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

वहिनी वाचायला लागल्या. लिफ्टची घंटा बिघडल्याचं उन्हाळ्यातच कोणीतरी कळवलं होतं, त्याला भरपूर अंगठे होते आणि पुढे काही नव्हतं. अध्यक्ष हळूच म्हणाले की विषय विचाराधीन होता. डोळे तपासणीचं मोफत शिबिर खालीच अंगणात झालं होतं. अध्यक्षीणबाईंना ते ठाऊकच नव्हतं, त्या दिवशी दुपारी त्या घरात सुईत दोरा ओवत बसल्या होत्या, आणि तो ओवला जात नव्हता. गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या इमारतीच्या शोभेला बाधा आणतात, म्हणून काढून टाकायचं ठरत आलं होतं. यावर कंडक्टरबाईंनी अध्यक्षांकडे असं पाहिलं, जणू तिकीट न काढता बसलेला माणूस सापडला.

मग आला पाण्याचा विषय. इमारतीत सकाळचं पाणी अगदी झुंजूमुंजू असताना सोडत. ते धरायला सगळ्या बायका अंधारात उठायच्या. तासभर उशिरा सोडलं तर काय बिघडेल, हे वहिनींनी घरात कितीदा तरी बोलून दाखवलं होतं. ग्रुपवर त्याचं मतदान झालेलं होतं. आहे तीच वेळ ठेवावी का? आणि खाली चष्मेवाल्यांचा मेसेज होता:

"आमची काही अडचण नाही. घरात विचारलं आहे."

वहिनी वाचायच्या थांबल्या. त्यांनी ते वाक्य पुन्हा मनात वाचलं. पाण्याचा राग वेगळा होता, फोनचा राग वेगळा होता. हे तसं नव्हतं. आपल्या तोंडचं उत्तर आपल्याला न विचारता कोणीतरी देऊन टाकलंय, आणि ते इतके महिने इथे सगळ्यांसमोर पडून आहे, आपल्यालाच तेवढं माहीत नाही. त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

कंडक्टरबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला, वाचला आणि बोटाने आणखी खाली गेल्या. "आमच्या ह्यांनीही हेच लिहिलंय. शब्दन्‌शब्द तोच. आणि त्याच्या खालच्यानेही." त्यांनी जाळीकडे पाहिलं. "अध्यक्ष, तुम्ही विचारलं होतंत का घरात?"

अध्यक्षांनी बायकोकडे पाहिलं. लिफ्ट एवढीशी, कुठे सरकायलाही जागा नव्हती.

"नाही," ते म्हणाले. एवढं आखूड वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

 अध्यक्षीणबाईंनी कप खाली ठेवला आणि जाळीतून पदराएवढा नाही तरी रुमालाएवढा वारा घातला, कारण माणूस खरंच घामाघूम झाला होता. मग म्हणाल्या, "पहाटे थंडीत माझा गुडघा आखडतो. तेवढं सांगितलं असतं मी, विचारलं असतं तर."

मेकॅनिक आला, वर जाऊन त्याने काहीतरी फिरवलं, लिफ्ट कुरकुरत तिसऱ्या मजल्याला लागली आणि अध्यक्ष बाहेर पडले. कपडे झटकले आणि तिघींना नमस्कार केला.

दुपारी चष्मेवाले फोन शोधत धापा टाकत घरी आले. फाटकापाशी पहारेकऱ्याने त्यांचं अभिनंदन केलं. जिन्यात फरशीवाल्याने केलं. कशाबद्दल ते त्यांना कळेना, तरी सवयीने ते सगळ्यांना, अहो त्यात काय, असं म्हणत आले. वहिनींनी फोन पुढे केला. त्या वाक्यावरच उघडून ठेवलेला होता.

"मला कधी विचारलंत?" त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, वाचलं. मग चष्मा काढला आणि पुसत बसले. काचा स्वच्छच होत्या.

"नाही विचारलं," ते म्हणाले. "वरच्याने तसं लिहिलं होतं, म्हणून मीही लिहिलं. खरं सांगू का, विचारायचं असतं, हेच डोक्यात आलं नाही."

वहिनींनी ठरवलं होतं की बरंच बोलायचं. पण हा माणूस खोटं बोलला नाही, सबबही सांगितली नाही, त्यामुळे ठरवलेल्या बोलण्यातलं निम्मं फुकट गेलं. उरलं तेवढं त्यांनी सांगितलं. "मला फोन हवाय. तुमचा जुना नको. नवा, माझ्या कमाईचा, आणि नंबर माझ्या नावावर."

"आणि कोणी फसवलं तर?"

"शिकेन की. तुम्ही शिकलात तशी."

"मी कुठे शिकलोय," चष्मेवाले प्रामाणिकपणे म्हणाले. "मी नुसता अंगठा देतो."

यावर वहिनींना हसू फुटलं. रागात असताना हसू येणं त्यांना मुळीच आवडत नसे, पण आलं ते आलं.

फोन घ्यायला दोघं गेले. दुकानातला विक्रेता सगळं चष्मेवाल्यांनाच सांगत होता. वहिनी मध्ये उभ्या होत्या, त्यांच्या डोक्यावरून बोलणं चाललं होतं. शेवटी त्याने विचारलं, मॅडमना जरा सोपा दाखवू का?

"सोपा ह्यांना दाखवा," वहिनी म्हणाल्या. "मला चांगला दाखवा."

विक्रेत्याने खुर्ची फिरवली आणि त्यानंतर तो त्यांच्याशीच बोलला. नंबर त्यांच्या नावावर झाला. पहिला ओटीपी त्यांच्याच फोनवर आला तेव्हा तो त्यांनी उगाचच मोठ्याने वाचला. चष्मेवाल्यांनी घाईघाईने त्यांना गप्प केलं, तो कोणाला सांगायचा नसतो म्हणून.

अध्यक्षांनी सभा बोलावली. त्यांनी स्वतःच मांडलं की नियम बदलावा, इमारतीत राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचा नंबर ग्रुपवर असावा. एकाने शंका काढली, की बायका आल्या की ग्रुप गप्पांनी भरून जाईल, कामाचं काही सापडणार नाही. अध्यक्ष म्हणाले, "मी आत अडकलो होतो तेव्हा अंगठे पुष्कळ आले. प्रत्यक्ष आल्या त्या या तिघी." नियम बदलला. आणि गच्चीवरच्या दोऱ्या जागच्या जागी राहिल्या.

पण नियम बदलून काय, बऱ्याच जणींकडे फोनच नव्हता, आणि होता त्यांना तो हातात धरायची भीती वाटे. तेव्हा कंडक्टरबाईंनी सुट्टीच्या दिवशी दुपारी गच्चीवर वर्ग सुरू केला. वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीत सगळ्या बसायच्या. कंडक्टरबाई उभ्यानेच शिकवायच्या, एका हाताने वरची दोरी धरून, जणू गच्ची चालू आहे. कोणी मागे राहिलं की पुढच्यांना थांबवायच्या. ओटीपी आणि बँकेचा आकडा कोणी मागितला तर काय म्हणायचं, ते त्यांनी सगळ्यांकडून एका सुरात म्हणून घेतलं. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांना आळीपाळीने आपला द्यायच्या. मग घराघरांत बोलणी झाली. कुठे भावाने बहिणीला घेऊन दिला, कुठे सासूने सुनेला स्वतःच्या नावावर घ्यायला लावला. एकीच्या नवऱ्याने साफ नाही म्हटलं. तिच्या दाराशी अध्यक्ष स्वतः चढून गेले आणि अर्धा तास काय बोलले कोण जाणे, पण त्या महिन्यात तीही गच्चीवर फोन घेऊन आली.

गमती पुष्कळ झाल्या. अध्यक्षीणबाई स्वतःचा फोटो लावायला गेल्या आणि गुडघ्याचा लावला. तो तसाच राहिला, आणि लोक त्यावरून त्यांना ओळखू लागले. वहिनी एकदा फोनवरच बसल्या आणि सगळ्या ग्रुपला त्यांच्या मशीनची घरघर ऐकू गेली. लाजून त्यांनी दिवसभर फोन उघडला नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तीन घरांनी लिहिलं होतं, मशीन चालू आहे तर आमच्याही झिपा आहेत.

पाण्याचं मतदान पुन्हा झालं. या वेळी मत देणाऱ्या हाताशी बादलीही होती. वेळ पुढे गेली. एका गृहस्थांनी लिहिलं की मला कामावर जायला उशीर होतो, मी अंघोळ कशी करू? त्यांच्याच बायकोने खाली लिहिलं, "आदल्या संध्याकाळी बादली भरून ठेवा."  दुसऱ्या दिवशी जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काहीतरी दाबून धरलेलं होतं.

सगळ्यांत मोठी गोष्ट घडली ती मात्र ग्रुपबाहेर. वहिनींनी आपण शिवलेल्या पडद्यांचे फोटो, खाली आपला नंबर देऊन, इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली होती. पडद्याच्या माथ्यावर त्या एक खास चुणी घालायच्या, दोन बारीक आणि मध्ये एक रुंद. लग्नाआधी शिवणवर्गात शिकलेली. एका दुपारी अनोळखी नंबरावरून मेसेज आला. फक्त एवढाच:

"ही चुणी घालणाऱ्या आम्ही दोघीच होतो. तू ढापणी का?"

वहिनी मशीनवरून उठल्याच. ढापणी हे नाव त्यांनी गेली कित्येक वर्षं ऐकलं नव्हतं. मुलीपणी त्यांना जाड चष्मा होता, आणि त्या नावाने हाक मारणारी जगात एकच होती. शिवणवर्गातली मैत्रीण, जिला सगळे गुंडी म्हणत, कारण दर आठवड्याला तिच्या फ्रॉकची एक गुंडी तुटलेली असायची. लग्नं झाली, एक इकडे गेली, एक तिकडे गेली. पत्ते बदलले, आडनावं बदलली. नवऱ्यांच्या नंबरावर एकमेकींना शोधायचं कसं, हे दोघींनाही उमगलं नव्हतं. हळूहळू शोधायचं राहूनच गेलं.

आपल्याला कोणी फसवत तर नाही ना, असं क्षणभर वहिनींच्या मनात आलं. कंडक्टरबाईंनी शिकवलंच होतं. त्यांनी लिहिलं, "बाईंनी तुला वर्गाबाहेर का काढलं होतं?" उत्तर लगेच आलं: "तुझी वेणी मशीनमध्ये शिवली म्हणून."

वहिनींनी व्हिडिओ कॉल लावला. काचेवर एक गोल, पिकल्या केसांची बाई आली आणि दोघी कितीतरी वेळ नुसत्या हसत राहिल्या. मग दोघी एकदम बोलायला लागल्या. गुंडीचं आता लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं. तिलाही फोन यंदाच मिळाला होता, सुनेने हट्ट करून घ्यायला लावला होता. फोन हातात आल्यावर पहिल्यांदा तिने काय केलं असेल, तर पडदे, अभ्रे, चुण्या असलं काहीबाही शोधत सुटली होती.

चष्मेवाले संध्याकाळी घरी आले तेव्हा मशीन बंद, चूल बंद, आणि बायको खिडकीत बसून फोनला आपली कात्री दाखवत होती. त्यांनी काय चाललंय ते पाहिलं, डोकावून काचेतल्या बाईंना नमस्कार केला आणि आत जाऊन स्वतःच भांड्यांची खुडबुड सुरू केली. डबा कुठला ते विचारायला ते दाराशी आले, आणि न विचारताच परत गेले.

"हे तुझे यजमान?" गुंडी म्हणाली. "बरे दिसतात. आता तू राहतेस ते दाखव की. अख्खं घर दाखव."

वहिनींनी फोन उंच धरला. आधी खिडकी दाखवली, मग मशीन, मग स्वयंपाकघर आणि त्यात साखर शोधत असलेले चष्मेवाले. मग दार उघडून त्या जिन्यात आल्या, कंडक्टरबाईंचं दार वाजवून त्यांना दाखवलं, आणि तशाच गच्चीवर निघाल्या. गुंडी म्हणत होती, हळू चाल, मला नीट बघू दे, त्या कुंड्या कोणाच्या? वहिनी प्रत्येक मजल्यावर थांबून सांगत गेल्या, कोणाच्या त्या, आणि कोण काय करतं. वरती चादरी वाऱ्याने फडफडत होत्या. त्यांच्यामधून वाट काढत त्या कठड्यापाशी पोचल्या, फोन बाहेरच्या बाजूला वळवला आणि म्हणाल्या, "आता तुझं दाखव."